दहाव्या घरची काकडी

“नर फूल येतच नाही?” मायनं पुडी डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. पुडीवर चित्र नव्हतं, नुसता आकडा होता.

“येत नाही. सगळी मादी फुलं. प्रत्येक फुलाला काकडी. पराग लागत नाही, माशी लागत नाही, माणूस लागत नाही.”

“मग ते फुलतं कोणासाठी?”

“माय, तुला फक्त पाणी घालायचं आहे.”

“घालते की. पाणी घालायला काय, मोरीचं वायाच जातंय.” तिनं पुडी कानाजवळ हलवली. “किती हायेत?”

“बारा.”

“बारा बियांसाठी तू जालन्याहून आलीस?”

तो बारा फेब्रुवारी २००६चा रविवार होता. जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत मला लागून चार महिने झाले होते, अजून कायम व्हायची होते. आमच्या दाभाडे साहेबांनी नऊ वर्षं खपून काकडीचं एक संकरित वाण तयार केलं होतं. ऊन सोसणारं, थोड्या पाण्यावर तगणारं, पानांवर भुरी रोग न धरणारं. शेतात ते टिकलं होतं. आता ते घराच्या परसात, साध्या माणसांच्या हातात टिकतं का, एवढं पाहायचं होतं. दहा घरं, दहा पुड्या. दर रविवारी मी प्रत्येक घरी जायचं, काकड्या तोडायच्या, ताणकाट्यावर वजन करायचं, टेपनं लांबी मोजायची, आकार आणि बी पाहायचं आणि वहीत लिहायचं. वहीत आणखी दोन रकाने होते : घरात शिरल्याची वेळ आणि निघाल्याची वेळ. आधीच्या एका मुलानं चहाच्या टपरीवर बसून सगळ्या घरांचे आकडे भरले होते, तेव्हापासून साहेबांनी ते रकाने पाडले होते. अहवाल दहा मेला द्यायचा होता. तो नीट झाला तर मी कायम होणार होते आणि बंगळूरच्या केंद्रावर जाणार होते.

ओळखीचं म्हणून मी आमचंच गाव निवडलं, गोंदेवाडी. देऊळगाव राजाच्या अलीकडच्या फाट्यावर उतरून दीड किलोमीटर चालायचं. नऊ घरं ठरली. दहावं मिळेना, म्हणून मायचं घेतलं.

माय सतरा वर्षं शेडनेटमध्ये क्रॉसिंगच्या, म्हणजे हातानं पराग लावायच्या, कामाला होती. आमच्या भागात हे काम बायकांचंच. संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या मादी कळ्यांना टोप्या घालायच्या, सकाळी सहाला नराची फुलं खुडायची, पाकळ्या मागे दुमडायच्या, मादीच्या तोंडाला अलगद टेकवायचं आणि देठाला लोकरीचा धागा बांधायचा. प्रत्येक बाईचा रंग वेगळा, म्हणजे कुणाचं फूल धरलं, कुणाचं गळलं, ते सुपरवायझरला कळतं. मायचा रंग शेंदरी. तिची शंभरातली पंच्याण्णव फुलं धरायची. ऊन चढायच्या आत तीनशे फुलं करावी लागतात. गुडघे गेल्यावर ते जमेना, तेव्हा तिनं काम सोडलं. बाप त्याच्या आधीच गेला होता. मी जालन्यात खोली केल्यावर घरात ती एकटी राहिली.

नवव्या घरी द्वारकामावशी राहायची. तिची आणि मायची भिंत एकच. पुडी घेताना ती म्हणाली, “गयाबाई, आता लेकीच्या कंपनीची वेल. नीट सांभाळ, नाहीतर नापास व्हशील.”

“तू तुझी सांभाळ,” माय म्हणाली. “तुझ्या हातानं दोडकाबी कडू येतो.”

मायनं आणि मी न्हाणीमागे मांडव घातला, बारांतलं जोमाचं एकच रोप त्यावर चढवायचं होतं. तुराट्या, चार बांबू आणि सुतळी. पलीकडच्या कुंपणावर मायची गावरान काकडी होती, दरवर्षीची. तिला नर फुलं भरपूर यायची. ती वेल काढून टाकायला मी सांगितलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. साहेबांनी तशी सूचना दिली होती : आजूबाजूला दुसरी काकडी नको. या जातीच्या फुलाला चुकून पराग लागला तर काकडीत बी धरतं, टोक फुगतं, काकडी वाकडी होते. पण मायनं कुंपणाकडे पाहिलं आणि म्हणाली, “ती राहू दे. ती माझी हाय.” मी राहू दिली.

सव्वीस मार्चला पहिला तोडा झाला. मायच्या वेलीवर सहा काकड्या. सरळ, सारख्या रंगाच्या, कापल्या तर आत बी नाही. नऊ घरं करून मी दहाव्या घरी पोहोचायचे तेव्हा साडेबारा झालेले असायचे, आणि फाट्यावरून गाडी एकला. मी वजन केलं, लांबी घेतली, लिहिलं.

“जेवून जा. धपाटे केलेत.”

“गाडी चुकेल, माय.”

“पाचला दुसरी हाय की.”

“उद्याचं काम आहे.”

तिनं फडक्यात दोन धपाटे बांधून दिले. दोन एप्रिललाही तसंच झालं. सात काकड्या, सातही सरळ. द्वारकामावशी ओट्यावरून ओरडली, “तुझी लेक डॉक्टरीण झाली गं गयाबाई. वजन करती अन् पळती!”

नऊ एप्रिलला आठ काकड्यांतली एक वाकडी निघाली. देठाकडे बारीक, टोकाला मुठीएवढी फुगलेली. ती हातात घेतल्यावर माझं गाडीकडचं लक्ष उडालं.

“काय झालं?” मायनं विचारलं.

“हिच्यात बी आहे.”

“असणारच. काकडी हाय ती.”

“हिच्यात असायला नको.”

आम्ही ओट्यावर बसलो. मी काकडी उभी चिरली. टोकाकडच्या निम्म्या भागात पांढऱ्या कोवळ्या बियांच्या ओळी होत्या. त्या मोजायच्या होत्या. मायनं स्वतःहून एक फाक आपल्याकडे ओढली आणि पदराची पिन काढली.

“तू डावीकडची मोज, मी उजवीकडची.”

पिनेनं एकेक बी बाजूला सारत ती मोजत होती. मोजता मोजता बोलत होती. शेडनेटमध्ये एकदा सुपरवायझरच्या शर्टात मधमाशी शिरली आणि तो कसा नाचला, ते तिनं उठून करून दाखवलं. बसताना गुडघा धरून “आई गं” म्हणाली आणि तरी हसतच होती. मी आकडा विसरले.

“आता पहिल्यापासून,” ती म्हणाली. “मी नाही विसरले. माझ्या एकोणपन्नास.”

माझ्या बावन्न भरल्या. एकची गाडी गेली होती. आम्ही जेवलो. तिनं त्याच काकडीची कोशिंबीर केली, वर दाण्याचा कूट. मी पुढचे तीन तास वेलीचं फूल न् फूल तपासलं, ती मागे स्टूल घेऊन फिरत होती. पाचच्या गाडीला ती फाट्यापर्यंत सोडायला आली.

साहेब म्हणाले, “माशी असेल. शेजारी गावरान वेल आहे का?” मी हो म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “मग झाका.”

बुधवारी मी अर्धी रजा टाकून मच्छरदाणी घेऊन गेले. मांडवाला ती चारी बाजूंनी बांधली, खाली विटा ठेवल्या. माय विटा आणून देत होती.

“आता माशी आत जाणार नाही?”

“नाही.”

“म्हंजे आता सगळ्या सरळ.”

“सगळ्या सरळ.”

तिनं शेवटची वीट ठेवली आणि हात झाडले.

सोळा एप्रिलला नऊ काकड्या, नऊ सरळ. मी खूश होते. पंधरा मिनिटांत आटोपलं. माय दारात उभी होती. “बरं झालं,” म्हणाली. त्या दिवशी तिनं जेवायचं विचारलं नाही, फडकं आधीच बांधून ठेवलं होतं.

तेवीस एप्रिलला मच्छरदाणीच्या आत तीन काकड्या वाकड्या होत्या.

मी जाळीभोवती फिरून पाहिलं. गाठी मी बांधल्या तशाच होत्या, विटा जागच्या जागी होत्या, जाळीला कुठं भोक नव्हतं. म्हणजे दोष माशीचा नव्हता. दोष वाणाचा होता. नऊ वर्षांचं वाण परसात आलं की बिघडतं, असा त्याचा अर्थ होता, आणि तो माझ्या अहवालात जाणार होता. मी पाचच्या गाडीपर्यंत थांबले. आम्ही तीन काकड्या चिरल्या. डावीकडच्या मी, उजवीकडच्या ती. मायनं विचारलं, “तुझ्या नोकरीला काही व्हणार नाही ना?”

“बाकी नऊ घरं चांगली आहेत. बघू.”

“नऊ चांगली हायेत तर मग काय,” ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

सव्वीसला, बुधवारी, मी पुन्हा गेले आणि मुक्कामच केला. तिनं माझं जुनं अंथरूण गच्चीवर घातलं. तीस एप्रिलला आणखी दोन वाकड्या निघाल्या. त्या दिवशी वेलीखालच्या मातीत मला लोकरीचा तुकडा दिसला, नखाएवढा, शेंदरी. मी तो उचलला आणि टाकून दिला. मायच्या घरात शेंदरी लोकर कुठंही सापडायची. ती पिशवीचं तोंडसुद्धा लोकरीनं बांधायची.

आठवडाभर तो तुकडा डोक्यातून गेला नाही. सहा मेला, शनिवारी, मी पहिल्या गाडीनं निघाले. गावात शिरले तेव्हा सात वाजायला आले होते. दार उघडं होतं, घरात कुणी नव्हतं. मी न्हाणीमागे गेले.

माय मच्छरदाणीच्या आत होती. पाठमोरी, गुडघे आखडलेले, पण हात मोकळे. डाव्या हातात गावरान वेलीचं नर फूल होतं, पाकळ्या मागे दुमडलेल्या. उजव्या हाताच्या दोन बोटांत तिनं मादी फुलाचं देठ धरलं होतं. एकदा टेकवलं, फूल थोडं फिरवलं, पुन्हा टेकवलं. मग बांगडीत खोवलेल्या लोकरीतून एक धागा ओढला आणि देठाला बांधला. सगळं मिळून चार-पाच सेकंद. लहानपणी मी हे हजारदा पाहिलं होतं.

“माय.”

ती वळली. दचकली नाही. माझ्याकडे बघून तिनं बांगडीवरची लोकर पदराखाली घेतली.

“आज तर शनवार हाय,” ती म्हणाली.

“काय करतेस तू?”

“पाहतेस की.”

“मी तुला काय सांगितलं होतं? पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? हात लावायचा नाही. साहेबांनी नऊ वर्षं घालवली, माझी नोकरी याच्यावर, आणि तू...” माझा आवाज चढला. भिंतीपलीकडे द्वारकामावशीचं झाडणं थांबलं. “धागा बांधायचीस आणि मी यायच्या आधी सोडून ठेवायचीस. माझ्या गाठी सोडून परत तशाच बांधायचीस. कशासाठी?”

ती जाळीतून बाहेर आली, विटेला वीट लावली, गाठ मारली. गाठ अगदी माझ्यासारखी होती.

“हात राहत नाही,” ती म्हणाली.

“सतरा वर्षं केलंस म्हणून?”

“व्हय. तसंच म्हण.”

“मी इथं काय पाहायला येते, तुला कळतं का?”

“कळतं ना. सरळ काकडी तू पाहतेस का कव्हा?”

तिला आकड्यांतलं काय कळणार, असं माझ्या मनात आलं. मी वही काढली आणि तिच्यासमोर दहाव्या घराच्या पानावर तिरपी रेघ मारली.

“हे काय?”

“हे घर रद्द. इथले आकडे धरता येणार नाहीत.”

“म्हंजे उद्या?”

“उद्या नऊच घरं.”

तिनं हातातल्या नर फुलाकडे पाहिलं. ते एव्हाना मलूल झालं होतं. “चहा घेशील?” तिनं विचारलं. मी नको म्हणाले आणि परत फाट्याकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी नऊ घरं केली. नववं घर करताना साडेबारा वाजले होते. द्वारकामावशीच्या काकड्या फूटपट्टीसारख्या सरळ होत्या. मी वजन करत होते आणि भिंतीपलीकडे माय भांडी घासत होती. भांडं ठेवल्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक भांडं. एका माणसाच्या घरात घासायला इतकी भांडी नसतात.

“जाऊन ये गं मायकडं,” मावशी हळू आवाजात म्हणाली. “सकाळधरनं धपाट्याचा वास येतोय.”

“गाडी आहे.”

“पाचला हाय की दुसरी.”

“मावशी, सही करा इथं.”

तिनं अंगठा उमटवला. मी बाहेर पडले. मायच्या घरावरूनच वाट जात होती. दार उघडं होतं. मी मान वळवली नाही. एकची गाडी मिळाली.

अहवाल दहा मेला दिला. दहाव्या घरासमोर मी लिहिलं : ‘परागीकरण. कारण : सवय. आकडे ग्राह्य नाहीत.’ साहेबांना प्रामाणिकपणा आवडला. ते वाण त्या वर्षीच बाजारात आलं. जूनमध्ये मी बंगळूरला गेले.

मायशी माझं भांडण असं राहिलं नाही. दिवाळीला जात होते, फोन करत होते. तीही चांगलं बोलायची. त्या काकडीचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. मी बंगळूरला चल म्हणाले की ती म्हणायची, “तिथं माझ्याशी कोण बोलणार? तू तर कामावर.” २०११च्या थंडीत ती गेली. द्वारकामावशीनं सकाळी दार वाजवलं तेव्हा कळलं.

घर आवरताना तांदळाच्या डब्यात एक पुरचुंडी सापडली, राखेत घोळलेल्या काकडीच्या बियांची, शेंदरी लोकरीनं बांधलेली. मावशी म्हणाली, “तुझ्या त्या वेलीचं हाय. तू गेल्यावर तिनं त्या वाकड्या काकड्या वेलीवरच पिवळ्या होऊ दिल्या अन् बी धरलं. दर साली लावायची. काय काय वेडंवाकडं यायचं. मला म्हणायची, द्वारके, बी तरी मोजून दे.”

संकरिताचं बी धरू नये, पुढच्या पिढीत त्याचे गुण विखुरतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पुरचुंडी मी आणली आणि कपाटात ठेवून दिली.

दोन वर्षांनी जालन्याचं कार्यालय हललं. जुन्या वह्या टाकायच्या होत्या, ज्याची त्यानं पाहून घ्यावी म्हणून माझी वही मला पाठवली गेली. दहाव्या घराचं पान मी रेघेसकट वाचलं. आकडे वाचले नाहीत, ते पाठ होते. वेळेचे दोन रकाने आणि शेरे वाचले.

२६ मार्च : १२.३० ते १२.४५. सर्व सरळ.
२ एप्रिल : १२.३० ते १२.४५. सर्व सरळ.
९ एप्रिल : १२.३० ते ४.३५. एक वाकडी.
१२ एप्रिल, बुधवार : २.०० ते ४.३५. जाळी.
१६ एप्रिल : १२.३० ते १२.४५. सर्व सरळ.
२३ एप्रिल : १२.३० ते ४.३५. तीन वाकड्या.
२६ एप्रिल, बुधवार : मुक्काम.
३० एप्रिल : १२.३० ते ४.३५. दोन वाकड्या.

माय वाचू शकत नव्हती. पण मी कधी येते, कधी जाते, हे तिला वहीशिवाय कळत होतं.

नऊ एप्रिलची काकडी माशीनं केली असावी. बाकीच्या मायनं. मी कारण लिहिलं होतं, सवय. जिचे हात राहत नाहीत ती बाई वेलीवरचं एकही फूल सोडत नाही, सकाळी तीनशे करते. त्या वेलीवर आठवड्याला आठ-नऊ फुलं उमलत होती आणि वाकड्या निघत होत्या दोन किंवा तीन. नोकरीला काही होणार नाही ना, हे तिनं विचारूनही घेतलं होतं.

त्या फेब्रुवारीत मी पुरचुंडी सोडली. अकरा बिया होत्या. दोन उगवल्या, एक तगली. गॅलरीत कुंडीला दोरी बांधून ती वर चढवली. तिला नर फुलंही आली, मादीही. सकाळी सहाला मी पाकळ्या मागे दुमडल्या आणि टेकवलं. माझं पहिलं फूल गळलं, दुसरंही. तिसरं धरलं.

आता दर वर्षी लावते. प्रत्येक वर्षी काकडी वेगळी येते, कधी ठेंगणी, कधी पट्ट्यांची, कधी थोडी कडू. वाकडी बहुतेक येतेच. रविवारी ती तोडून ओट्याजवळ बसते, उभी चिरते आणि पिनेनं बिया बाजूला सारते. डावीकडच्या मी मोजते. मग फाक फिरवून उजवीकडच्याही मीच मोजते.